मागून घेतलेला शेवट

रेडिओ खोटं बोलू शकतो, हे आमच्या गावात कुणाच्या डोक्यातही येत नव्हतं. साठ सालाच्या पुढची दोन-तीन वर्षं असतील. ग्रामपंचायतीला सरकारकडून एक रेडिओ मिळाला होता. चावडीच्या भिंतीत लाकडाची पेटी, पेटीला कुलूप आणि किल्ली शाळेच्या गुरुजींच्या जानव्याला. पेटीतून कापसाचा भाव निघायचा आणि ढाणकीच्या बाजारात गेलं की तोच भाव मिळायचा. पाऊस सांगितला की निम्म्या वेळा तरी यायचा. माझे सासरे, त्यांना आम्ही मामाजी म्हणायचो, पेटीसमोर बसायच्या आधी वहाणा लांब काढून ठेवत. "चूप बसा, सरकार बोलून राह्यलं," असं पोरांना दटावत. अशा पेटीतून दर शनिवारी दिवेलागणीच्या आधी एक गोष्ट यायला लागली. ती कुणीतरी खुर्चीवर बसून रचली आहे, हे गावानं मानलंच नाही. मी पुसदची, सातवी पास, तरी मलासुद्धा कधी कधी विसर पडायचा.

गोष्ट एका बाईची होती. सासरी छळ होतो म्हणून ती दोन लुगडी घेऊन घर सोडते, शहरात जाते, शिवण शिकते, मशीन घेते, स्वतःचं पोट स्वतः भरते. नवरा मागून माणसं पाठवतो. ती परत जाईल की नाही, एवढ्यावर रेडिओवाल्यांनी अख्खी कापूस वेचणी काढली. तिला काहीतरी नाव होतं, पण गावात तिला सगळे 'रेडिओतली' म्हणत. कापूस वेचताना या तासातून, म्हणजे ओळीतून, त्या तासात हाका जायच्या, "काय वो, रेडिओतलीनं सासूले काय तोंड देल्लं परवा!" शनिवारी बाया लवकर घरी पळत. मुकादम ओरडायचा आणि मग तोही मागून यायचाच.

आमच्या घरात एक खरीच होती. माझी मोठी नणंद, अक्का. तिला पैनगंगेच्या पलीकडे दिली होती. सात वर्षं नांदली, पोर झालं नाही. नवऱ्याचा हात सुटायचा, तो मुसळापर्यंत गेला. माहेरी आली तेव्हा उजवा हात मनगटात मोडून तसाच वाकडा जुळलेला होता. त्या हातानं ती भाकरी थापायची आणि भाकर एका बाजूनं जाड व्हायची. दोन वर्षं झाली तिला येऊन. पलीकडून निरोप यायचा की धाडायची तर धाडा, नाहीतर आम्ही दुसरी करतो. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, धाडून टाका, लोक तोंडात शेण घालून राह्यले. माझा नवरा कधीच काही म्हणत नसे. मामाजींचं मन इकडून तिकडे व्हायचं. अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सोयऱ्यांची बैठक ठरली होती आणि त्या बैठकीत मामाजींना हो की नाही ते सांगायचं होतं. अक्काचं सगळं आयुष्य त्या एका शब्दावर टांगलेलं होतं.

आता माझं सांगते. मला अक्का नको होती. वाईट होती म्हणून नाही. दोन माणसांचं काम एकटी करायची, मला कधी उलटून बोलली नाही. पण घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत मामाजी, आत्याबाई आणि बियाण्याची पोती. आतली खोली माझी, असं लग्नाच्या वेळी सांगितलं होतं, आणि त्या खोलीत अक्का आणि तिची पेटी. नवरा गोठ्यात निजायचा. वर्ष झालं लग्नाला, नवऱ्याशी धड चार शब्द बोलायचे तर विहिरीवर जावं लागे. आई होण्याचं तर सोडाच. आणि वर शेजारची काकू दर आठ दिवसांनी विचारायची, "काहून वो, अजून काहीच नाही?" मी मनात म्हणायचे, कुठून असेल, भैताडे, माझा नवरा बैलांशेजारी झोपतो! मी एकोणीस वर्षांची होते, आणि रागीट. आजही आहे.

मामाजी पहिल्यांदा ते वाक्य बोलले तेव्हा थट्टाच होती. आत्याबाई बैठकीवरून टोचत होत्या, तर ते म्हणाले, "थांब ना बाप्पा! त्या रेडिओतलीचं काय होते थे तं पाहू." सगळे हसले. पुढच्या शनिवारी तेच म्हणाले, तेव्हा कुणी हसलं नाही. आणि वेचणी संपता संपता ते चारचौघांत सांगू लागले, "रेडिओवर सांगतीन तसं करू. सरकारनं काहीतरी इचार करूनच सांगतलं असंन ना." मला त्यांचं हसू यायचं. आता येत नाही. पोरीला मारणाऱ्याच्या घरी धाडायचं की गावाची तोंडं सोसायची, हे ज्याला ठरवता येत नाही त्यानं काय करावं? कुणीतरी मोठ्यानं सांगावं असं त्यांना वाटत होतं. रेडिओपेक्षा मोठं त्यांच्या ओळखीचं कुणी नव्हतं.

अक्काला हे सगळं ठाऊक होतं. ती शनिवारी चावडीच्या पायरीशी, अगदी पेटीखाली जाऊन बसे. बाकीच्या बाया मध्येच हुंदके द्यायच्या, हसायच्या, शिव्या घालायच्या. ही ढिम्म. एका शनिवारी रेडिओतली दार उघडते आणि दारात नवरा उभा, तेवढ्यात पेटी खरखरली आणि बंद पडली. बॅटरी संपली होती. गावात नुसता कल्लोळ. गुरुजी म्हणाले, पंचायतीची सभा होईल, मंजुरी होईल, मग नवी येईल. दुसऱ्या दिवशी ढाणकीचा बाजार होता. अक्का कुणाला काही न बोलता गुरुजींच्या दारात गेली, ती जड जुनी बॅटरी टोपल्यात घालून डोक्यावर घेतली, आणि पायी ढाणकीला जाऊन नवी घेऊन आली. पैसे कुठले म्हणून विचारलं तर म्हणाली, "पायातले चाळ इकले. वाजतच नव्हते तसे." मामाजी त्या दिवशी जेवले नाहीत.

मग एका शनिवारी निवेदिका म्हणाली की गोष्ट आता संपत आली आहे, शेवट कसा व्हावा ते श्रोत्यांनी कार्ड टाकून कळवावं. झालं! गावाला पिसं लागलं. सरकार आपल्याला विचारतं! गुरुजींनी पोस्टातून कार्डांचा गठ्ठा आणला आणि लिहायला मी. धम्म घेतलेल्या वस्तीतल्या बायांनी त्यांच्या शाळेत जाणाऱ्या पोरीकडून आपली कार्डं वेगळी लिहून घेतली, त्यात काय होतं मला माहीत नाही. बाकी सगळ्या माझ्या ओसरीवर. अशी मजा मी सासरी आल्यापासून केली नव्हती. काकू सांगते, "लेह्य, तिले नवऱ्याच्या घरी धाडा. पन अगुदर त्याले तिचे पाय धराले लावा. चांगले पाच मिन्टं." दुसरी म्हणते, "अन सासूले लकवा होऊ द्या." तिसरी म्हणते, "जुळे पोरं होऊ द्या तिले, एक पोरगा एक पोरगी." मी हसून हसून लिहीत होते आणि शाई सांडत होते. सगळ्यांना हेच हवं होतं, नवरा वठणीवर यावा आणि तिनं घरी जावं. यांच्यातल्या निम्म्या रोज मार खाणाऱ्या. त्यांना दुसरा शेवट सुचलाच नाही.

अक्का सगळ्यात शेवटी आली. बाया गेल्या होत्या. हात पदराला पुसत माझ्यासमोर उकिडवी बसली. म्हणाली, "वैनी, माह्यंही एक लेह्या. लेह्या का तिले धाडू नका. तिले शिवता येते, तिचं पोट भरते. तिचं कोनाले वझं नाही. तिले राहू द्या तिथंच. बस, एवढंच लेह्या." मग थोडं थांबली. "अन हे बी लेह्या, का हे इचार करून सांगून राह्यली."

मी लिहिलं. टाक बुडवला, तिच्याकडे पाहिलं, आणि लिहिलं, 'तिला सासरी पाठवावे. बाईचे खरे घर तेच. संसार सुखाचा होवो.' अक्षर छान आलं. काय लिहायचं ते मी आधी ठरवलं नव्हतं, अशी सबब मी पुष्कळ वर्षं स्वतःला दिली. खोटी आहे. ती बोलत होती तेव्हाच मला माझी खोली दिसत होती, तिची पेटी नसलेली. अक्कानं विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं." खाली तिचं नाव, बापाचं नाव, गाव. तिला वाटलं सरकारी कागद, म्हणून तिनं टाकाच्या शाईत अंगठा बुडवला आणि नावाखाली नीट दाबून उठवला.

वाटलं, एवढ्या कार्डांत एक कार्ड, कोण वाचतंय! आणि खरंच, मला तिचं वाईट व्हायला नको होतं. मला ती फक्त दुसरीकडे हवी होती.

शेवटचा भाग होळीच्या आधीच्या शनिवारी होता. चावडीसमोर पाय ठेवायला जागा नाही. मामाजी सगळ्यांत पुढे, धुवट धोतर नेसून, जणू मुलगी दाखवायचा कार्यक्रम. गोष्ट सुरू होण्याआधी निवेदिकेनं सगळ्या श्रोत्यांचे आभार मानले. म्हणाली, ढीगभर पत्रं आली, बहुतेकांचं मागणं एकच आहे, वेळेअभावी एकच पत्र वाचते. आणि तिनं आमच्या गावाचं नाव घेतलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग तिनं अक्काचं नाव घेतलं, मामाजींचं नाव घेतलं, आणि साखरेसारख्या गोड आवाजात वाचलं, "तिला सासरी पाठवावे. बाईचे खरे घर तेच. संसार सुखाचा होवो." वर म्हणाली, "या आपल्या ग्रामीण भगिनीच्या पत्राखाली अंगठा आहे, पण विचार किती मोठा!"

सगळं गाव अक्काकडे वळून पाहत होतं. काकूनं तर तिच्या पाठीवर थाप मारली. अक्का पेटीखाली बसल्या जागी वर पाहत राहिली, जशी काही पेटीतून अजून काही खाली पडणार आहे. मग तिनं मान वळवून मला शोधलं. गर्दीत मी एका बाईच्या मागे झाले.

त्यानंतर गोष्ट झाली. मी ती ऐकली, शब्द न् शब्द ऐकला, आणि काय सांगू, अशी चीड आयुष्यात कोणत्या गोष्टीची आली नाही. नवरा येतो. "मी चुकलो," असं दोन शब्दांत म्हणतो. ती रडते, हसते. मशीन एका गरीब मुलीला देऊन टाकते. सासू ओवाळते. सनई. संपलं! अरे, मग एवढे शनिवार ती काय करत होती? उपाशी ठेवणारी ती सासू एका रात्रीत कशी सुधारली? त्यानं पुन्हा हात उगारला तर मशीन तर देऊन बसली, आता जाईल कुठं? हे सगळं मीच मागितलं होतं, माझ्याच अक्षरात, एवढ्या बायांच्या वतीनं. आणि कानावर पडल्यावर कळलं की ही फसवणूक आहे. बायासुद्धा खूश नव्हत्या. काकू फणफणत उठली, "पाय धराले लावलेच नाही त्याले! एवढ्यासाठी आयकलं का आमी?" सगळ्या कुरकुरत घरी चूल पेटवायला गेल्या. एक मामाजी तेवढे खूश होते. डोळे पुसत होते.

घरी आल्यावर त्यांनी अक्काला समोर बसवलं. "काहून वो माय," म्हणाले, "रेडिओले सांगतलं अन बापाले नाही सांगतलं? मी इतके दिवस जीव जाळून राह्यलो, का तुले धाडू का नको. तुह्याच मनात जायाचं हाय तं तोंडानं सांगाचं ना!" त्यांचा जीव भांड्यात पडला होता. इतकं मोकळं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

अक्का म्हणाली, "बाबा, मी असं नाही सांगतलं."

"आता लाजू नको."

"लाजत नाही मी. मी सांगतलं का तिले धाडू नका."

मामाजींचं हसू जागच्या जागी थांबलं. "मंग रेडिओ खोटं बोलून राह्यला का?" त्यांनी विचारलं. खरंच विचारलं, त्यांना कळून घ्यायचं होतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आत्याबाईंनी पाहिलं. नवरा दारात उभा होता, त्यानंही पाहिलं. "सूनबाई, तुमी लेह्यलं थे कार्ड. अक्कानं काय सांगतलं होतं?"

अजूनही सगळं सरळ करता आलं असतं. चार थपडा बसल्या असत्या, माहेरी नेऊन घातलं असतं, फार तर. मी जमिनीकडे पाहत म्हटलं, "रेडिओवर सांगितलं तेच."

अक्का उठून चुलीपाशी गेली आणि पीठ काढलं. तिच्या बोलण्यावर एक सून, एक रेडिओ आणि तिचाच अंगठा, असे तिघं साक्षीदार उलटे उभे होते. ती कुणाला काय सांगणार होती?

अखाजीच्या बैठकीत मामाजींनी हो म्हटलं. दुसऱ्या आठवड्यात बैलांची दमणी जुंपली. आत्याबाईंनी ओटी भरली. अक्का बसताना मी तिची पेटी उचलून दिली, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "खोली मोकळी झाली वैनी तुमची." मला राग आला. तिचाच राग आला, खरं सांगते. आपण पकडलो गेलो की समोरच्याचा जसा राग येतो तसा. त्या रात्री नवरा गोठ्यातून आत आला. पुढच्या वर्षी मला मुलगा झाला आणि काकूचं तोंड बंद झालं.

चावडीवर नवी गोष्ट सुरू झाली होती, एका डॉक्टरची की कुणाची. मी गेले नाही. विचारलं की पोराचं कारण सांगायचे.

सासरच्यांनी अक्काला नंतर माहेरी पाठवलं नाही. दिवाळीला नाही, राखीला नाही. निरोप यायचा, बरी आहे. मामाजी तेवढ्यावर समाधान मानत. "रेडिओतली बी सुखी झाली, आपली बी झाली," म्हणत. तिसऱ्या वर्षी ते अंथरुणाला खिळले आणि पोरीला बघायचं म्हणून हट्ट धरून बसले. नवरा आणायला निघाला, तेव्हा मी म्हटलं, मी येते. त्यानं कारण विचारलं नाही. नदीला पाणी कमी होतं. वाटभर मी वाक्य घोळवत होते. अक्का, मी लबाडी केली. अक्का, तुम्ही सांगितलं ते मी लिहिलं नाही. अक्का, चला, मामाजींसमोर सांगते, परत यायचं नाही तुम्हाला इथं. पोर मांडीवर झोपलं होतं.

अक्काचं अंगण सारवलेलं होतं. तिचा नवरा बाजेवर बसलेला, सासू उंबऱ्यात. अक्का वाळून काडी झाली होती. मला पाहून खुलली, पोराला उचललं, मुके घेतले, त्याच्या नाकाला नाक लावलं. तिच्या मनात काही राहिलं असेल असं चेहऱ्यावर कुठंच दिसत नव्हतं आणि त्यानं मला जास्तच भरून आलं. जेवायला वाढायला ती चुलीपाशी बसली. बापाचं आजारपण सांगितलं तेव्हा तिचा नवरा बाजेवरूनच म्हणाला की आत्ता जमणार नाही, रब्बीचं काम आहे, नंतर पाहू. माझ्या नवऱ्यानं मान डोलावली. मग ते दोघं बैल पाहायला बाहेर अंगणात गेले. मी तिच्याजवळ सरकले आणि हळू आवाजात सगळं सांगून टाकलं. कार्डाचं, खोलीचं, त्या संध्याकाळी खोटं बोलले त्याचं. सांगताना मला रडू कोसळलं. अक्का भाकरी थापत माझ्या तोंडाकडे पाहत होती. माझं संपल्यावर तिनं कपाळाला आठ्या घातल्या आणि जरा मोठ्यानंच म्हणाली, जसं बहिरी माणसं बोलतात तसं, "जोरात बोला वैनी. मले आता आयकू येत नाही. पारच बंद झाले दोनी कान, मागच्या साली. काहून रडून राह्यल्या? बाबा गेले का?"

मी मान हलवली, नाही म्हणून. दारात सासू बसली होती, अंगणात तो होता. अक्काला लिहिता-वाचता येत नव्हतं. सांगायचं तर ओरडूनच सांगावं लागणार होतं, आणि मग त्यानं ऐकलं असतं, माझ्या नवऱ्यानं ऐकलं असतं, गल्लीनं ऐकलं असतं. अक्का वाट पाहत होती. मी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडून म्हटलं, "भाकर चांगली झाली, अक्का!"